बदकाच्या पुढे

मी फक्त मोटर बदलायचं ठरवलं होतं. बाकी काही नाही. हे मी बायकोला, साहेबांना, आमच्या इमारतीतल्या समस्त रहिवाशांना आणि एका प्लंबरला वेगवेगळ्या वेळी सांगून पाहिलेलं आहे. कुणाचाही विश्वास बसलेला नाही. निदान तुम्ही तरी ठेवा.

माझ्याकडे रिमोटवर चालणारी एक बोट आहे. हातभर लांब, लालभडक, पुढून निमुळती, बॅटरीवर पळणारी. चाळिशी उलटलेल्या, कचेरीत आवक-जावक सांभाळणाऱ्या आणि पोट सुटलेल्या माणसाने बोट खेळावी का, हा प्रश्न बायकोने बोट घरात आली त्याच दिवशी विचारला होता.

"हा खेळ नाही, छंद आहे," मी म्हटलं.

"फरक काय?"

"खेळ मुलं खेळतात."

"आणि छंद?"

यावर मी बोटीचं झाकण पुसायला घेतलं.

तर रविवारी सकाळी आम्ही छंदवाली मंडळी बागेतल्या तळ्यावर जमतो. त्यात आमच्याच इमारतीतले दंतवैद्य असतात. तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आहे. त्यांची बोट निळी आहे आणि ती पाण्याला टेकते की नाही अशी शंका यावी इतकी पळते. माझी बोट आपली संथ. मी तिला 'डौलदार' म्हणायचो. पण एका रविवारी माझी बोट पूर्ण वेगात तळं ओलांडत असताना मागून एक बदक आलं, बोटीच्या बाजूने निघालं आणि पुढे गेलं. त्याला काही घाई होती म्हणावं, तर तसंही दिसलं नाही. पुढे जाऊन त्याने मान वळवून मागे पाहिलं. काठावर सगळे हसले. दंतवैद्य माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. बदक तरुण आहे."

मी मनाला लावून घेतलं. घरी येताना रस्ताभर मी कुणाकडे बघितलं नाही. कोपऱ्यावरचा वाणी नेहमीसारखा हसला तरी मला वाटलं, याच्यापर्यंत पोचली बातमी. त्याच दिवशी मी मोटर बदलायचं ठरवलं.

आता मोटर बदलणं म्हणजे बल्ब बदलणं नव्हे, हे मला मोटर घरी आल्यावर कळलं. जोरदार मोटरला जुनी बॅटरी पुरेना, म्हणून मोठी बॅटरी आणली. (दुकानदार म्हणाला, "ही लावा, दिवसभर विसरून जा." मी ते कौतुकाने ऐकलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते तेव्हा कुठे माहीत होतं!) मोठ्या बॅटरीने मोटरचा वेग सांभाळणारा जुना कंट्रोलर तापायला लागला, म्हणून नवा कंट्रोलर. तो गार ठेवायला बोटीतून पाण्याची बारीक नळी फिरवावी लागली. मोटरचा जोर बोटीखालच्या, पाणी कापणाऱ्या पंख्यापर्यंत नेणारी लवचीक दांडी जुनी होती, ती पहिल्याच झटक्याला पिळवटली, म्हणून दांडी नवी. दांडी नवी म्हटल्यावर प्लॅस्टिकचा पंखा शोभेना, म्हणून पितळी पंखा. शेवटी जुनं असं बोटीत फक्त लाल रंग आणि मी एवढेच उरलो.

शिवाय निगा. अशा बोटीची निगा म्हणजे तान्ह्या बाळाची निगा. पाण्यातून काढली की पुसायची, झाकणाची टेप काढायची, आत केस वाळवायच्या यंत्राने वारा घालायचा (यंत्र बायकोचं), दांडी उपसून काढायची, पुसायची आणि पाण्याला दाद न देणारं ग्रीस लावून परत बसवायची. ग्रीसचा डबा मोठा, म्हणून मी त्यातलं थोडं एका रिकाम्या बाटलीत काढून ठेवलं. ती बाटली आधी बायकोच्या चेहऱ्याच्या क्रीमची होती. मी ती बेसिनच्या फळीवर ठेवली. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून आवाज आला, "अहो, तोंडाला पाणीच लागत नाहीये!" मी आत जाऊन बघितलं. खरंच लागत नव्हतं. नुसते थेंब थेंब ओघळून जात होते. इतकं चांगलं ग्रीस मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि दुर्दैवाने तसं मी बोललो.

पण ही बाई रागावली तरी ताणून धरत नाही. आणि तिला तेव्हा माझ्याकडे बघायला वेळही नव्हता, कारण त्याच वर्षी ती आमच्या इमारतीची सेक्रेटरी झाली होती.

हे पद याआधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे होतं. किती वर्षं होतं ते त्यांनाही आठवत नसेल. काकूंच्या राज्यात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला कुलूप नव्हतं. झाकण कधी लावलेलं असे, कधी नसे. मग एक दिवस नळातून पिसं आली आणि शोध घेतल्यावर टाकीत कबुतर सापडलं. त्यानंतरच्या सभेत बायको उभी राहिली आणि म्हणाली, "मला एक वर्ष द्या. पाणी स्वच्छ येईल आणि एक दिवसही बंद पडणार नाही." लोकांनी तिला निवडून दिलं. (प्रचाराला मीही दारोदार गेलो होतो. म्हणजे तिच्या मागे उभा होतो.) पहिल्याच आठवड्यात तिने टाकी घासून घेतली, झाकणाला कुलूप ठोकलं आणि एकुलती एक किल्ली आमच्या दाराशेजारच्या खुंटीला लावली. वर सगळ्यांना सांगितलं, "किल्लीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." काकू तेव्हापासून वाट बघत होत्या. जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय, पाणी ठीक ना?" त्या 'ठीक ना' मध्ये फार आशा असायची.

इकडे माझी बोट तयार झाली होती, पण ती तळ्यावर न्यायची हिंमत होत नव्हती. सगळ्यांदेखत पुन्हा काही झालं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी गुपचूप चाचणी घ्यावी, मग तळ्यावर जाऊन बदकाला काय ते दाखवावं, असा विचार केला. न्हाणीघरातल्या मोठ्या टबात बोट ठेवली, रिमोटचा खटका जेमतेम ओढला, आणि बोट टबातून निघून साबणाची वडी घेऊन दाराबाहेर गेली. मला आनंदही झाला आणि पेचही पडला. या बोटीला जागा हवी होती. बरंच पाणी हवं होतं, आणि आजूबाजूला बघणारं कुणी नको होतं.

त्या रविवारी दुपारी बायको झोपली होती. मी पाणी प्यायला म्हणून उठलो, आणि पेला हातात असतानाच माझं लक्ष खुंटीकडे गेलं.

मी तुम्हाला खरं सांगतो, मला लाज वाटली. किल्ली खुंटीवरून काढताना वाटली, जिना चढताना वाटली, कुलूप उघडतानाही वाटली. फक्त कुठल्याच टप्प्यावर ती मला थांबवण्याइतकी वाटली नाही.

टाकी काठोकाठ भरलेली होती. झाकणाचं भोक चौकोनी आणि लहान. मी गुडघे टेकले, बोट नाकाच्या बाजूने आत सोडली, मोबाइलची बॅटरी पेटवून कडेला ठेवली आणि रिमोट हातात घेतला. आधी हळू. बोट अंधारात सुंदर फिरली. वळली, परत आली. पाण्यावर नुसती रेघ उठत होती. मला भरून आलं. मग मनात आलं, एकदाच, अगदी एकदाच, पूर्ण वेग बघू.

टाकी म्हणजे काही समुद्र नव्हे. हे मला माहीत होतं, पण मोटरला कुणी सांगितलं नव्हतं. खटका ओढताक्षणी बोट दिसेनाशी झाली, धाडकन आवाज आला, पंखा हवेत किंचाळला आणि सगळं शांत झालं.

मी मोबाइल आत धरून बघितलं. पलीकडच्या भिंतीला, पाण्याच्या बरोबरीने, सिमेंटचा एक अरुंद कट्टा आहे. बोट उडी मारून त्या कट्ट्यावर जाऊन बसली होती. तिथेच पाणी आत येण्याचा पाइप आहे, आणि पाइपाला दांडीने जोडलेला तो मोठा बॉल. बोटीचं नाक त्या दांडीच्या बरोबर खाली घुसलं होतं, त्यामुळे बॉल वर उचलला गेला होता. मी रिमोटवर उलटा वेग दिला. पंखा हवेत गरगरला. पंखा हवेत असताना बोट मागे कशी येणार? केरसुणीचा दांडा घालून बघितला, पुरला नाही. स्वतः आत उतरावं म्हटलं, तर पोटाने भोकाशी चर्चा करून नकार कळवला.

तेवढ्यात जिन्यात काकूंच्या चपला वाजल्या. त्या संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारतात. मी झाकण लावलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, रिमोट सदऱ्यात लपवला आणि आभाळाकडे बघत उभा राहिलो.

"काय बघताय?" काकूंनी विचारलं.

"हवा."

"पाणी ठीक ना?"

"अगदी," मी म्हटलं.

घरी येऊन रिमोट कचेरीच्या बॅगेत खुपसला, कारण ती बॅग बायको उघडत नाही. मनाशी म्हटलं, काकू खाली गेल्या की लांब आकडा नेऊन बोट काढू. पण काकू अंधार पडेपर्यंत फिरत राहिल्या. मग म्हटलं, उद्या. बोट कट्ट्यावर कोरडी बसलीये, काय बिघडतंय? त्या बॉलचा उपयोग काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. बॉल खाली गेला की पाणी येतं आणि वर गेला की बंद होतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला फक्त बॉल दिसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो आणि झालेला मनस्ताप धुऊन काढायला भरपूर पाणी घेऊन आंघोळ केली. नंतर हिशेब लागला की टाकीतलं उरलंसुरलं पाणी बहुधा मीच अंगावर घेतलं होतं.

कचेरीत जेवणाच्या सुट्टीत डबा काढायला बॅग उघडली, तर आधी रिमोट हाताला लागला. त्याच वेळी फोन वाजला.

"अहो, टाकीची किल्ली पाहिलीत का?" बायकोचा आवाज धावपळीचा होता. "सकाळपासून इमारतीत पाणी नाही. खाली पंप चालू आहे, पण वर थेंब चढत नाहीये. प्लंबर आलाय, आणि खुंटीवर किल्लीच नाही."

मी खिशात हात घातला. किल्ली तिथेच होती. त्या क्षणी मला तो बॉल आठवला आणि त्याचा उपयोगही आठवला.

"कसली किल्ली?" मी विचारलं. (हातात किल्ली धरून.)

"तुम्ही नाहीच घेणार म्हणा. मला विचारल्याशिवाय तुम्ही चहाचा डबासुद्धा उघडत नाही. माझ्याच हातून कुठे तरी पडली असणार. काकू दारात येऊन उभ्या आहेत, डोक्याला शांपू तसाच आहे. आणि दंतवैद्यांचा एक पेशंट आ वासून बसलाय, त्याला चूळ भरायला पाणी नाही."

तिचा आवाज शेवटी जरासा कापला. ती कधी रडत नाही. मी फोन ठेवला आणि साहेबांच्या खोलीत गेलो.

"साहेब, अर्धा दिवस रजा हवी होती. घरी पाणी नाहीये."

"तुम्ही गेल्यावर येणार आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. आयुष्यात साहेबांना इतकं खरं उत्तर मी कधी दिलेलं नाही.

गच्चीवर पोचलो तर अख्खी इमारत जमली होती. काकू डोक्याला टॉवेल गुंडाळून मध्यभागी, दंतवैद्य हातमोजे घालून एका बाजूला, आणि प्लंबर टाकीवर चढून कुलपावर हातोडा उगारून. तो येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होता, "मोटर गेलीये. मी सकाळीच म्हटलं, मोटर." त्याला खालचा पंप म्हणायचा होता. कुठल्याही घरात पाणी येत नसेल तर तो असंच सांगतो.

बायको टाकीपाशी ताठ उभी होती. काकू तिला ऐकवत होत्या, "माझ्या वेळी टाकीला कुलूपच नव्हतं, त्यामुळे किल्ली हरवायचा प्रश्नच आला नाही."

"किल्ली माझ्याकडून हरवली," बायको म्हणाली. "चूक माझी आहे."

बोलायचं असेल तर हीच वेळ होती. एक पाऊल पुढे टाकून, खिशातून किल्ली काढून, 'मी घेतली होती' एवढंच म्हणायचं होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं, खिशातून किल्ली काढली, झाडाच्या कुंडीपाशी वाकलो आणि ओरडलो, "ही काय! इथेच पडलीये की!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत इतकं कौतुक होतं की मला त्या कुंडीत शिरून वर माती ओढून घ्यावीशी वाटली. बॅग जमिनीवर ठेवून मी टाकीवर चढलो.

"साहेब, मी बघतो ना आत," प्लंबर म्हणाला.

"नको! अंधार आहे. तुम्हाला लागेल बिगेल."

"माझं कामच आहे ते."

"आज माझं आहे," मी म्हटलं. लोकांना ते फार उदात्त वाटलं. दंतवैद्यांनी तर मान डोलावली.

माझा बेत सरळ होता. आत वाकायचं, बोट उचलून सदऱ्यात घालायची आणि 'कचरा अडकला होता' असं सांगायचं. मी डोकं आत घातलं, खांदे आत घातले, आणि काल ज्या पोटाने नकार दिला होता त्याला श्वास रोखून आत ओढलं. ते आत आलं. मग श्वास सोडला, आणि तिथेच बसलो. आता पुढेही जाता येईना आणि मागेही. पाय वर, डोकं खाली, हात लोंबकळत. बोट माझ्या बोटांपासून जराशा अंतरावर कट्ट्यावर बसलेली, तिचा बारीक हिरवा दिवा अजून चालू. दुकानदाराने सांगितलं होतं, दिवसभर विसरून जा. बॅटरी विसरली नव्हती.

"धरा, धरा, पडतील ते!" वर कुणी तरी ओरडलं. मग दोन हातांनी माझे घोटे घट्ट धरले. ते हात मी ओळखले. ते बायकोचे होते.

टाकीत वरचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"एक वर्षसुद्धा झालं नाही," काकू म्हणत होत्या. "पाणी बंद, किल्ली बेपत्ता, आणि आता नवरा टाकीत."

"काकू, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे," बायकोचा आवाज आला. शांत होता. "टाकी माझी जबाबदारी होती. मी शब्द दिला होता आणि तो मोडला. आज संध्याकाळीच मी हे पद सोडते. तुम्ही सांभाळा."

माझ्या डोक्यात रक्त उतरलं होतं. काही उलटं लटकल्यामुळे, पण सगळं त्यामुळे नव्हे. ही बाई महिनोन् महिने रोज जिने चढून ही टाकी बघून येत होती. तिने इतक्या कष्टाने कमावलेलं नाव मी एका बदकापायी पाण्यात घालवलं होतं. आणि ती वर उभी राहून माझेच पाय सांभाळत, माझीच चूक अंगावर घेत होती. मी इतका शरमलो की टाकीच्या अंधारालाही मी दिसू नये असं वाटलं. मग मात्र मी हिय्या केला.

"चूक माझी आहे!" मी टाकीत ओरडलो. "किल्ली मी घेतली! आत माझी बोट आहे!"

पण टाकी ती टाकी. आवाज चारी भिंतींना आपटला आणि त्याचं नुसतं 'घूंऽऽ' झालं.

"काय म्हणतायत?" दंतवैद्यांनी विचारलं.

"गुदमरले बहुतेक," काकू म्हणाल्या.

आयुष्यात एकदा खरं बोललो, आणि ते असं वाया गेलं. मी पुन्हा श्वास घेत होतो, तेवढ्यात वर कुणाचा तरी पाय बॅगेला लागला. बॅग कलंडल्याचा आवाज आला. डबा गडगडत गेला.

"अरेच्या," दंतवैद्य म्हणाले, "हा तर बोटीचा रिमोट! हा कचेरीत नेतात हे?"

छंद असलेल्या माणसाच्या हातात रिमोट आला की तो खटका ओढल्याशिवाय राहत नाही. मीही राहिलो नसतो. माझ्या कानाशी पितळी पंखा 'घर्रर्र' करून किंचाळला. टाकीच्या पोटातून तो आवाज असा बाहेर गेला की गच्चीवरची माणसं दोन पावलं मागे सरकली असणार.

मग प्लंबरचा विजयी आवाज आला. "बघा! मी काय म्हणत होतो? मोटरच!"

पंख्याची पाती कट्ट्याच्या कडेला लागली, बोट थडथडली, सरकली आणि खाली टाकीच्या तळाशी जाऊन पडली. दांडी मोकळी झाली. बॉल खाली आला. खाली पंप सकाळपासून जीव तोडून पाणी वर ढकलत होता आणि पाइपाचं तोंड नेमकं माझ्या तोंडाकडे होतं. एवढं स्वच्छ, जोरदार आणि मुबलक पाणी आमच्या इमारतीत याआधी कधी आलं नसेल.

"मला बाहेर काढा!" मी ओरडलो.

त्यांनी काढलं. प्लंबरने आणि दंतवैद्यांनी पाय धरून ओढलं. सदरा टाकीतच राहिला. मी सगळ्या इमारतीसमोर निथळत उभा राहिलो. प्लंबर आकडा घालून बोट वर काढत होता. लाल बोट वर आली. दंतवैद्यांनी तिच्याकडे बघितलं, पितळी पंख्याला बोट लावलं आणि हळूच म्हणाले, "पंखा छान आहे." मग त्यांना आपला पेशंट आठवला आणि ते जिन्याकडे पळाले.

"मी सांगणारच होतो," मी म्हटलं. "सांगितलंही होतं. आतून."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. पकडला गेलेला माणूस दुसरं काय म्हणणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

बायको काकूंकडे वळली. "मी म्हटलं तसं, आज संध्याकाळी..."

"काही नको," काकू म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल नीट केला. आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग तिला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माया दिसली. "तूच राहा सेक्रेटरी. माझ्या टाकीत कबुतर निघालं होतं गं बाई. नवरा नव्हता निघाला. तुझं काम माझ्यापेक्षा अवघड आहे."

असं बायकोचं पद वाचलं. माझं जे काही होतं ते गेलं. टाकीभर ग्रीसचा तवंग आल्यामुळे ती रिकामी करून पुन्हा घासून घ्यावी लागली. तोपर्यंत खालच्या नळावरून घरोघरी बादल्या पोचवण्याचं काम सभेने एकमताने माझ्याकडे दिलं. मी जिने चढत होतो. तिसऱ्या मजल्यावर काकू दार उघडून उभ्या असायच्या आणि सांगायच्या, "सावकाश. लाटा येतायत." किल्ली आता दंतवैद्यांकडे असते. ती कुणालाही मागता येते. म्हणजे एक माणूस सोडून कुणालाही.

पण मला लागलं ते हे नव्हे. त्या दिवशी संध्याकाळी बादल्या पोचवून घरी आलो तर बोट स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ओलीच पडली होती. मी तिच्याकडे बघायलाही तयार नव्हतो. बायकोने खाली वर्तमानपत्र पसरलं, बोट त्यावर ठेवली आणि केस वाळवायचं यंत्र माझ्यासमोर आणून ठेवलं.

"सुकवा," ती म्हणाली. "गंजेल नाही तर."

मी दांडी उपसली, पुसली. ती शेजारी बसून बघत होती. यंत्र चालू करत मी म्हटलं, "तुला म्हणून सांगतो. मी आत कबूल केलं होतं. दंतवैद्यांनी खटका ओढायच्या आधी. तुझी शपथ. पण टाकीत आवाज घुमला आणि कुणाला शब्दच कळले नाहीत."

"मला कळले," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचे पाय माझ्या हातात होते. झाकणापाशी मीच होते. सगळं ऐकलं मी. किल्ली मी घेतली, आत माझी बोट आहे."

यंत्र माझ्या हातात नुसतंच भणभणत राहिलं. "मग सांगितलं का नाहीस सगळ्यांना? लोक मला चोर समजतायत!"

"तुम्ही म्हणालात इतकं हळू, की मला वाटलं मला एकटीलाच सांगताय. म्हटलं, थांबू या. आता एकदा मोठ्याने म्हणतील."

"अगं, ओरडलो होतो मी! जीव खाऊन! टाकीच तशी आहे, आतलं बाहेर ऐकूच जात नाही."

"टाकीला बोल लावू नका," बायको म्हणाली आणि माझ्या हातातलं ग्रीस पुसायला फडकं पुढे केलं. "'मला बाहेर काढा' तर तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. तो पेशंट तोंडातला कापूस काढून विचारत होता, कोण बुडतंय म्हणून."